गळ्यांतील मुनीम

मनुष्याच्या गळ्यांत, श्वासनलिकेच्या पुढें जी अवटु ग्रंथि असते, तिच्या पाठीमागें गव्हाच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या चार पिवळसर गांठी चिकटलेल्या असतात. एकेकीचें वजन सुमारें ३० ते ५० मिलिग्रॅम. चौघींचें मिळून सोनाराच्या कांट्यावर गुंज-दीड गुंज भरेल. यांना परावटु ग्रंथि म्हणतात. त्यांचा आकार पाहिला म्हणजे शरीरशास्त्रज्ञांनीं शेंकडों वर्षें त्यांच्याकडे लक्ष दिलें नाहीं, यांत नवल वाटत नाहीं. परंतु या चारी गांठी काढून टाकल्या तर स्नायूंना आंचके येऊं लागतात आणि उपचार न झाल्यास प्राणावर बेततें. उलट, त्या प्रमाणाबाहेर वाढल्या तर हाडें पोखरलीं जातात व मूत्रपिंडांत खडे होतात. एवढ्याशा अवयवाकडे एवढी सत्ता कशी आली, आणि ती उमजण्यासाठीं गेंड्यापासून उंदरापर्यंत किती प्राण्यांचे गळे तपासावे लागले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या ग्रंथीचें काम समजण्यास धामणगांव रेल्वेसारख्या बाजारपेठेंतील अडत्याच्या दुकानाचें उदाहरण उपयोगी पडतें. दुकानाची खरी मालमत्ता गोदामांत असते. गल्ल्यांत रोकड थोडी. परंतु शेतकऱ्याला, हमालाला, मापाऱ्याला संध्याकाळीं पैसे द्यावयाचे ते गल्ल्यांतूनच. गल्ला रिकामा पडला तर गोदाम भरलेलें असूनहि व्यवहार थांबतो. म्हणून मुनिमाची नजर गोदामापेक्षां गल्ल्यावर अधिक असते. शरीरांतहि असेंच आहे. प्रौढ माणसाच्या देहांत सुमारें एक किलोग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्यांतील मुख्य मूलद्रव्य, असतें. त्याच्या शंभर भागांपैकीं नव्याण्णव भाग हाडांत व दांतांत. रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरांत तें अवघें साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असतें. हृदयाचें स्पंदन, स्नायूंचें आकुंचन, मज्जातंतूंचें निरोप वाहणें व जखमेचें रक्त गोठणें हीं सर्व कामें या थोड्याशा रोकडीवर चालतात.

ही रोकड संभाळणें हेंच परावटु ग्रंथीचें काम. रक्तांतील कॅल्शियम किंचित् कमी झालें कीं तिच्या पेशी एक हॉर्मोन, म्हणजे रक्तांत मिसळून दूरच्या अवयवांना आज्ञा पोंचविणारा अंतःस्राव, बाहेर सोडतात. त्या आज्ञेनें हाडांतील कॅल्शियम रक्तांत येतें; मूत्रपिंडें मूत्रावाटे जाणारें कॅल्शियम अडवून परत घेतात; आणि त्याच मूत्रपिंडांत ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप मिळून आंतडीं अन्नांतलें कॅल्शियम अधिक शोषूं लागतात. रोकड पुरेशी झाली कीं स्राव आवरला जातो. हा मुनीम प्रामाणिक खरा, परंतु कठोरहि तितकाच. गल्ला राखण्यासाठीं गोदाम विकावयास तो मागेंपुढें पाहत नाहीं.

या ग्रंथीची पहिली नोंद मनुष्याच्या शरीरावरून झाली नाहीं. ती झाली एका भारतीय गेंड्यावरून. हा गेंडा १८३४ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत आला होता. १८४९ च्या अखेरीस तो मेला, तेव्हां प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनीं त्या अवाढव्य देहाचें विच्छेदन केलें. १८५० सालीं वाचलेल्या निबंधांत त्यांनीं अवटु ग्रंथीला, तिच्यांतून शिरा बाहेर पडतात त्या जागीं चिकटलेल्या एका लहान, घट्ट, पिवळ्या पिंडाचा ओझरता उल्लेख केला. हा पिंड कशासाठीं आहे, हा प्रश्न मात्र तेव्हां पुढें आला नाहीं, आणि तीस वर्षें ती नोंद तशीच पडून राहिली.

पुढें स्वीडनमधील उप्साला येथें ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला १८७७ सालीं कुत्र्याच्या गळ्यांत हीच गांठ दिसली. त्यानें मांजर, ससा, बैल, घोडा यांचे गळे तपासले, पन्नास मानवी शवें पाहिलीं आणि १८८० सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. ‘परावटु’ हें आपलें नांव त्यानें दिलेल्या लॅटिन नांवाचेंच भाषांतर होय. परंतु निबंध स्वीडिश भाषेंत आणि एका गांवच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकांत. बाहेरच्या जगांत तो वाचणार कोण? १८८९ सालीं सँडस्ट्रॉमनें आपल्या जीविताचा स्वतःच अंत केला. वय अवघें ३७. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८९१ मध्यें, पॅरिसच्या यूजेन ग्ले यांनीं दाखवून दिलें कीं, सशाची अवटु ग्रंथि काढली तरी तो जगतो, पण तिच्या शेजारच्या लहान गांठीहि काढल्या तर त्याला आंचके येऊन तो मरतो. १८९६ सालीं इटलींतील मॉडेना येथें व्हासाले व जेनेराली यांनीं अवटु ग्रंथीला शक्यतों धक्का न लावतां केवळ या गांठी काढल्या व तोच परिणाम पाहिला. व्हिएन्नांतील शस्त्रवैद्यांना याआधींच एक कोडें पडलें होतें. गलगंडाची शस्त्रक्रिया उत्तम होऊनहि कांहीं रोग्यांचे हातपाय दोनचार दिवसांत आंखडूं लागत. त्या कोड्याचें उत्तर आतां मिळालें. गलगंडाबरोबर या अनोळखी गांठीहि सुरीखालीं जात होत्या.

आंचके कां येतात, हें १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मॅक्कॅलम व फोग्टलिन यांनीं शोधून काढलें. गांठी काढलेल्या कुत्र्याच्या रक्तांत कॅल्शियम फार उतरलेलें आढळलें, आणि कॅल्शियमचा क्षार शिरेंतून दिल्याबरोबर आंचके थांबले. गांठीचा व चुन्याचा संबंध असा सिद्ध झाला. परंतु एका प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं दुसरा उभा राहतो. येथें उभा राहिलेला प्रश्न असा कीं, हाडें मऊ व ठिसूळ झालेल्या रोग्यांच्या शवांत या गांठी वारंवार मोठ्या झालेल्या आढळतात. तेव्हां गांठ वाढली म्हणून हाडें बिघडलीं, कीं हाडें बिघडलीं म्हणून गांठ वाढली?

या प्रश्नाशीं उंदराचा संबंध आला तो व्हिएन्नांतील याकोब एर्डहाइम यांच्यामुळें. उंदीर हा कुरतडणाऱ्या, म्हणजे कृंतक वर्गांतील प्राणी. त्याचे पटाशीचे दांत जन्मभर वाढत असतात व कुरतडण्यानें झिजत असतात. त्यामुळें दांतांत चुना भरण्याचें काम कोठें अडलें, तें त्या दांतावर जमाखर्चाच्या वहीप्रमाणें उमटतें. शिवाय माणसाला परावटु ग्रंथि चार, तर उंदराला दोनच. अवटु ग्रंथीच्या दोन बाजूंना एकेक. एर्डहाइम यांनीं १९०६ सालीं उंदरांच्या या दोन गांठी डागून नष्ट केल्या. कांहीं आठवड्यांनीं त्यांच्या दांतांत चुना नीट भरेनासा झाला व दांत ठिसूळ होऊन मोडूं लागले. पुढच्या वर्षीं अस्थिमार्दवाच्या, म्हणजे हाडें मऊ पडण्याच्या विकारानें मेलेल्या माणसांच्या गांठी त्यांनीं तपासल्या, आणि १९१४ सालीं मुडदूस झालेल्या उंदरांच्या गांठीहि पाहिल्या. दोन्हीकडे गांठी वाढलेल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष असा होता कीं, गांठींची वाढ हा रोग नव्हे, रोगाविरुद्ध शरीरानें केलेला प्रयत्न आहे. गल्ला आटला म्हणून मुनिमानें हाताखालीं माणसें वाढविलीं, इतकेंच.

हा निष्कर्ष मोलाचा होता, परंतु तो सर्वांना सरसकट लावण्यांत धोका होता. १९१५ सालीं व्हिएन्नांतीलच श्लागेनहाउफर यांनीं सुचविलें कीं, चारींऐवजीं एकच गांठ वाढलेली असेल तर ती काढून पाहावी. ही सूचना दहा वर्षें कोणी मनावर घेतली नाहीं. १९२५ सालीं त्याच शहरांत फेलिक्स मांडल या शस्त्रवैद्याकडे ट्रामगाडीवर नोकरी करणारा एक रोगी आला. त्याचीं हाडें पोखरलीं होतीं व मांडीचें हाड मोडलें होतें. एर्डहाइम यांच्या मताप्रमाणें रोग्याला ग्रंथीचा स्राव कमी पडत असला पाहिजे, असें समजून मांडल यांनीं प्रथम त्याच्या शरीरांत दुसऱ्या माणसाच्या परावटु गांठी बसविल्या. गुण आला नाहीं. मग त्यांनीं उलट मार्ग धरला. गळा उघडला, एकच मोठी झालेली गांठ सांपडली आणि ती काढली. थोड्याच काळांत रोग्याच्या वेदना कमी झाल्या व तो पुन्हा चालूं लागला. कांहीं वर्षांनीं रोग उलटला व तो वांचला नाहीं. तथापि गांठ स्वतःच बिघडूं शकते व तीच हाडांचा नाश करूं शकते, हें त्यानें सिद्ध झालें. त्याच वर्षीं कॅनडांत कॉलिप यांनीं बैलांच्या गांठींतून प्रभावी अर्क काढला. तो टोंचला कीं कुत्र्याच्या रक्तांतील कॅल्शियम चढे.

युरोपांत हा वाद चालू असतांना हाडें मऊ कां होतात, याच्या उत्तराचा एक मोठा भाग महाराष्ट्रांत मिळत होता. ज्या मुंबई-नागपूर लोहमार्गावर धामणगांव आहे, त्याच मार्गावर पश्चिमेकडे नाशिक. तेथील मुडदुसाच्या रोग्यांवरून हचिसन व शाह यांनीं १९२२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळीं मुडदूस हा दारिद्र्याचा व निकृष्ट अन्नाचा रोग समजला जाई. नाशिककडे आढळलें तें वेगळेंच. पडदा पाळणाऱ्या सुस्थितींतील घराण्यांत, जेथें तान्हें मूल व त्याची आई दोघेंहि अंधाऱ्या माजघरांत राहत, तेथें हा रोग होता. आणि ज्यांचें खाणें त्यांच्याहून हलकें, पण ज्यांचीं मुलें शेताच्या बांधावर उन्हांत वाढत, त्या कष्टकरी कुटुंबांत तो जवळजवळ नव्हता. त्वचेवर ऊन पडलें कीं ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें आणि तें असल्यावांचून अन्नांतलें कॅल्शियम आंतड्यांत नीट शोषलें जात नाहीं, याचा उलगडा जगाला त्याच दशकांत होत होता. ग्रंथि हा नाशिकच्या निबंधाचा विषय नव्हता. परंतु एर्डहाइम यांनीं व्हिएन्नांत पाहिलेल्या मोठ्या गांठी व नाशिकच्या माजघरांतील वांकलेले पाय हीं एकाच टंचाईचीं दोन चिन्हें होतीं.

त्याच सुमारास दक्षिणेंत कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे पांढऱ्या उंदरांना हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचें अन्न खाऊं घालून त्यांची वाढ मोजत होते. शीख, पठाण, मराठे, गुरखे, कानडी, बंगाली, मद्रासी अशीं तीं अन्नें होतीं. शीख अन्नावर उंदीर सर्वांत उत्तम वाढले व मराठी अन्नाचा क्रम तिसरा लागला. शीख अन्नाची सरशी झाली त्यांत दूध व दुग्धजन्य पदार्थांचा वांटा मोठा होता. प्रयोग परावटु ग्रंथीचा नव्हता. पण माणसाच्या ताटाची परीक्षा उंदराच्या देहांत घेतां येते, हें त्यानें आपल्या लोकांना पटविलें.

ताट व गांठ यांचा प्रत्यक्ष संबंधहि उंदरावरच ठरला. १९२३ सालीं ईथेल ल्यूस यांनीं कॅल्शियम कमी असलेल्या अन्नावर वाढविलेल्या उंदरांच्या परावटु ग्रंथि मोजल्या, तेव्हां त्या नेहमीच्या अन्नावरील उंदरांपेक्षां मोठ्या भरल्या. १९४० सालीं कॅनडांत टोरोंटो येथें आर्थर हॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अन्नांतील घटक निरनिराळ्या रीतींनीं बदलून पाहिले व दाखविलें कीं, गांठींच्या वाढीचें मूळ रक्तांतील कॅल्शियम उतरण्यांत आहे. दोन वर्षांनीं शिकागो येथें पॅट व लुकहार्ट यांनीं कॅल्शियम काढून टाकलेलें रक्त कुत्र्याच्या गांठींतून वाहविलें आणि बाहेर आलेलें रक्त दुसऱ्या कुत्र्याला दिलें. दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तांतील कॅल्शियम वाढलें. म्हणजे ग्रंथीला मेंदूच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं. तिच्यावरून वाहणारें रक्त हाच तिचा हुकूम. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रेझ व रॉथ यांनीं उंदराची ग्रंथि शरीराबाहेर, कांचेच्या भांड्यांतील द्रवांत जगविली. द्रवांत कॅल्शियम थोडें असलें कीं पेशी फुगत व जोमानें कामाला लागत. तें भरपूर असलें कीं त्या स्वस्थ बसत. भारतांतहि गोरखपूर विद्यापीठांत स्वरूप व श्रीवास्तव यांनीं निरनिराळ्या पृष्ठवंशी प्राण्यांतील कॅल्शियमच्या नियमनाचा दीर्घकाळ अभ्यास केला.

एवढें झालें तरी पेशीला कॅल्शियम कमी झाल्याचें कळतें कसें, हें गूढ राहिलेंच. प्रथम हॉर्मोन मोजण्याचें साधन हवें होतें. बर्सन व रोझलिन यालो यांनीं किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्यानें अशीं हॉर्मोनें मोजण्याची पद्धति बसविली होती. १९६३ सालीं ती या हॉर्मोनला लागू झाली. या पद्धतीबद्दल यालो यांना १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८६ सालीं जेरुसलेम येथें जस्टिन सिल्व्हर, टॅली नवे-मेनी प्रभृतींनीं उंदरांना ‘ड’ जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप टोंचलें, तेव्हां परावटु पेशींत हॉर्मोन घडविण्याचा आदेशच जवळजवळ बंद पडला. आणि हें रक्तांतील कॅल्शियम न वाढतां घडलें. ‘ड’ जीवनसत्त्व हें स्वतःच एक हॉर्मोन होऊन या पेशीला लगाम घालतें, असा त्याचा अर्थ. शेवटीं १९९३ सालीं बोस्टन येथील एडवर्ड ब्राउन व स्टीव्हन हेबर्ट यांना गाईच्या परावटु पेशींच्या पृष्ठभागावरील तो ग्राहक सांपडला, जो रक्तांतील कॅल्शियम ओळखतो. हा मुनिमाचा डोळा होय. १९९५ सालीं ज्यांच्यांत हा ग्राहकच नाहीं असे लहान उंदीर तयार करण्यांत आले. त्यांच्या रक्तांत कॅल्शियम वाजवीपेक्षां अधिक असूनहि गांठी वाढतच राहिल्या, कारण तें अधिक आहे हें पाहणारा डोळाच नव्हता.

त्याच वर्षीं जेरुसलेमच्या संशोधकांनीं उंदरांत पेशींचें विभाजन मोजलें. परावटु पेशी स्वभावतः फार संथ. निरोगी देहांत त्यांचें विभाजन क्वचितच होतें. परंतु तीन आठवडे कॅल्शियम कमी असलेलें अन्न दिलें कीं विभागणाऱ्या पेशींची संख्या झपाट्यानें वाढे. मूत्रपिंडें निकामी केलेल्या उंदरांतहि ती वाढे, व अन्नांतील फॉस्फेट कमी केल्यास वाढ थांबे. या सर्व प्रयोगांवरून ग्रंथीच्या उत्तराच्या तीन पायऱ्या स्पष्ट झाल्या. टंचाई पडल्यापासून कांहीं क्षणांत पेशी सांठविलेलें हॉर्मोन सोडते. कांहीं तासांत नवें घडवूं लागते. आणि टंचाई दिवसेंदिवस टिकली तर पेशी स्वतःची संख्या वाढवितात. पहिल्या दोन पायऱ्या सहज उतरतां येतात. तिसरी चढली कीं उतरणें कठीण. कॅल्शियम पुन्हा मिळूं लागलें म्हणजे स्राव आवरतो, पण वाढलेल्या पेशी लवकर नाहींशा होत नाहींत. हंगामापुरतीं ठेवलेलीं माणसें हंगाम संपल्यावरहि दुकानांत बसून राहावीं, तसें हें होतें.

येथें व्हिएन्नाच्या जुन्या वादाचा निकाल लागतो. एर्डहाइम व मांडल हे दोघेहि खरे होते. टंचाईनें गांठ वाढते हें खरें. आणि वाढलेली गांठ पुढें कधीं कोणाचें ऐकेनाशी होते हेंहि खरें. मूत्रपिंडें निकामी होऊन वर्षानुवर्षें यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणाऱ्या रोग्यांत दोन्ही अवस्था एकाच देहांत क्रमानें दिसतात. आरंभीं ‘ड’ जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप व फॉस्फेटचें नियंत्रण यांनीं गांठी काबूंत राहतात. पुढें त्यांतील एखादा पेशीसमूह स्वतंत्र वाढूं लागतो व शस्त्रक्रियेची वेळ येते. कॅल्शियमच्या ग्राहकाला हुलकावणी देणारीं औषधें प्रथम उंदरांवर तपासलीं गेलीं व त्यांत पेशींची वाढ रोखलेली दिसली. तसलें पहिलें औषध २००४ सालीं अमेरिकेंत माणसांसाठीं मान्य झालें. वेळेवर उपाय आणि उशिरा उपाय यांतील अंतर येथें एका गांठीइतकें आहे.

हा प्रश्न रुग्णालयापुरताच नाहीं. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेंतील अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत वयांत आलेल्या मुलींच्या आहारांत कॅल्शियम कमी, रक्तांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आणि परावटु हॉर्मोन चढलेलें, असें चित्र दिसलें. हाडांचें गोदाम भरावयाचें तें याच वयांत. आणि नेमक्या याच वयांत मुनीम त्याचीं दारें उघडून माल बाहेर काढीत होता. नाशिकचा पडदा गेला, तरी शाळेच्या वर्गाच्या व घराच्या भिंती आहेत, आणि दुधाचा पेला पुष्कळ घरांत मुलापुढें आधीं व मुलीपुढें मागून जातो.

वऱ्हाडांत उन्हाची टंचाई नाहीं. टंचाई आहे ती ताटांत. ज्वारीच्या १०० ग्रॅमांत कॅल्शियम सुमारें २५ मिलिग्रॅम असतें. तितक्याच नाचणींत तें सुमारें ३५०, गाईच्या दुधांत सुमारें १२०, आणि सालासकट तिळांत हजारावर. म्हणजे भाकरी सोडण्याचें कारण नाहीं. तिच्याबरोबर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी व वाटीभर ताक किंवा दूध असलें कीं पुरें. शेतांत राबणाऱ्या बाईला ऊन मिळतें पण दूध मिळत नाहीं; पेठेंतील घरांत बसणाऱ्या बाईला दूध मिळतें पण ऊन मिळत नाहीं. गळ्यांतील मुनिमाला दोन्ही लागतात. त्यांपैकीं एक जरी दीर्घकाळ तुटलें तरी तो तक्रार करीत नाहीं. निमूटपणें हाडांतून काढून गल्ला भरीत राहतो, आणि त्याचा हिशेब बहुधा म्हातारपणीं, एखाद्या किरकोळ पडण्यानें मोडलेल्या खुब्याच्या हाडांत, घरच्यांच्या हातीं पडतो. मुलीच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षीं तिच्या ताटांत काय वाढलें जातें, यावर तो हिशेब पुष्कळ अंशीं अवलंबून असतो.